रांग बघून शिजणारा भात

दुसऱ्याचा खोळंबा पाहून चेहरा खुलणारा माणूस अख्ख्या मुलुंडमध्ये एकच होता, आणि तो आमच्या नात्यातला होता. बाबांचे हे मामेभाऊ मूळचे मालवणकडचे. मुलुंडच्या जकात नाक्याजवळ, ठाण्याच्या हद्दीला खेटून त्यांची पत्र्याची खाणावळ होती. मुंबईत येणारा प्रत्येक ट्रक तिथे जकात भरायला थांबे, कधी दोन तास, कधी दिवसभर. थांबलेल्या ड्रायव्हरला भूक लागतेच, एवढ्याच ज्ञानावर काकांचा संसार उभा होता.

रोज सकाळी ते स्टुलावर चढत आणि डोळ्यांवर हात धरून ठाण्याच्या दिशेला बघत. रांग वडाच्या झाडापर्यंत असली तर लहान पातेलं. पार वळणापर्यंत गेली तर मोठं पातेलं, शिवाय काळ्या वाटाण्याची उसळ. शेपूट दिसलंच नाही की काकूंना हाक, "गो, आज खोबरा जास्त वाट!" पोळी त्यांनी कधी केली नाही. "भात खाल्लो की झोप येता, झोप इली की रांग ल्हान वाटता," हे त्यांचं शास्त्र. मग रांग सरके तेव्हा एखादा सरदारजी केबिनमध्ये घोरत पडलेला, मागचे शिव्या देताहेत आणि काका उलथनं घेऊन त्याचा दरवाजा बडवताहेत, हे मी कितीदा तरी पाहिलं आहे.

ताटात टाकलेलं अन्न मात्र त्यांना सहन होत नसे. एका मे महिन्यात टोमॅटोवाल्या ड्रायव्हरने ताट हात न लावता परत केलं. रांगेत उभा राहून त्याचा माल गळायला लागला होता. काका तडक आमच्या घरी, माझ्याकडे आले.

"चेडवा, अर्ज लिही. नाक्यावर खिडक्यो वाढवा म्हणान. इंग्लिशमध्ये हां. मराठी अर्ज वाचून बाजूक ठेवतत, इंग्लिशाक भियतत."

काकू सोबत होत्या. "अवो, रांग गेली तर जेवतलो कोण?"

"लवकर सुटले तर खुशीत दोन घास जास्तच खातले!"

काकूंचं बरोबर आहे हे मला तेव्हाच कळलं होतं. पण मोठ्यांमध्ये बोलायची मला सवय नव्हती, आणि खरं सांगायचं तर माझ्या कॉन्व्हेंटच्या इंग्रजीचा कुणाला उपयोग होतोय, याचाच अभिमान वाटत होता. 'त्रास' या एका शब्दासाठी मी तीन इंग्रजी शब्द वापरले. काकांनी जेवायला येणाऱ्या प्रत्येकाची सही नाहीतर अंगठा घेतला.

कधी नव्हे तो अर्ज लागू पडला. वर्षभरात खिडक्या वाढल्या. त्यातच मोठ्या कंपन्यांचे ट्रक आगाऊ जकात भरून येऊ लागले. कागद दाखवला की सरळ आत. सगळ्यांचं भलं झालं, असं बाबांचे मित्र म्हणाले. 'सगळ्यांत' खाणावळवाले धरायचे नसतात.

काका हरले नाहीत. गावाहून त्यांनी आंबे काढायचा लांब काठीचा झेला आणला आणि त्याच्या जाळीत भाताचं पुडकं ठेवून ते चालत्या ट्रकच्या खिडकीशी धरू लागले. पहिल्याच दिवशी एकाने पुडकं घेतलं, जाळीसकट. मग ते पुन्हा माझ्याकडे आले. "खाणावळीसमोर गतिरोधक व्हयो, असो अर्ज लिही." मी लिहिला, पहिल्यापेक्षा चांगल्या इंग्रजीत. उत्तर आलं नाही.

परवा गेले तेव्हा बाकं उलटी टाकलेली होती आणि मोठ्या पातेल्यात धुणं भिजत होतं. ओळखीचे ड्रायव्हर हॉर्न वाजवून जात होते. ब्रेक कुणी लावला नाही. काका सवयीने स्टुलावर चढले.

"काय दिसतं?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"रस्तो," ते म्हणाले. "थेट ठाण्यापर्यंत. असो कधी दिसलोच नाय व्हतो." मग उतरण्यासाठी माझा हात धरत म्हणाले, "तुझा इंग्लिश बरा आसा हां, चेडवा."

त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.