सकल संतांची रजा

वसईचा इनास डाबरे भिवंडीत गुलाम हुसेन शेठ यांच्या कारखान्यात यंत्रमाग दुरुस्त करी. एक नोव्हेंबरला, सकल संतांच्या सणासाठी, तो दरवर्षी एका दिवसाची रजा घेई. दुसरा दिवस मृतांच्या स्मरणाचा. त्या दिवशी आईच्या कबरीवर मेणबत्ती लावावी असे त्याला फार वाटे. परंतु दोन दिवस मागण्यास त्या भिडस्त सत्पुरुषाची जीभ रेटत नसे.

१९८८ साली शेठनी सहज विचारले, “हा उरूस कुठल्या संताचा रे?”

“सगळ्यांचाच, शेठ.”

“सगळ्यांचा? आमच्या एकट्या वलीच्या उरुसाला दिवस पुरत नाही. एवढ्यांचं एका दिवसात कसं आटोपतोस? दोन दिवस घे.”

मनोरथ अनायासे सिद्धीस जात होता. पण असत्याच्या आश्रयाने लाभलेले पुण्य इनासला रुचेना.

“दुसरा दिवस संतांचा न्हाय, शेठ. आमच्या मेलेल्या मान्सांचा. आय हाय माझी तिथं.”

शेठ म्हणाले, “तिनं तुला खोटं बोलायला शिकवलं नाही. मग तिला संतांतच धर आणि जा. मात्र इकडे लूम बिघडला, तर त्यांतला एखादा पाठवून दे.”

हसत हसत इनासने पाना आपला मदतनीस नूर मोहम्मद याच्या हाती दिला आणि तो वसईच्या गाडीत बसला.