वानखडे मॅडम फोन ठेवत नसत

निवृत्त होईपर्यंत वानखडे मॅडमची एक सवय सुटली नाही. वॉर्डात फोन लावायचा आणि औषध बदलल्याचं कानानं ऐकल्याशिवाय ठेवायचा नाही. यवतमाळच्या आमच्या लॅबमध्ये त्या जंतूंच्या तपासणीच्या डॉक्टर, मी टेक्निशियन. आमच्या घरात बी.एस्सी. झालेला मी पहिला. छापील रिपोर्टखाली सही करायला मला फार आवडे. मॅडम म्हणत, "कर ना बाप्पा सही, पण फोन झाल्यावर. कागद टाइप होईपर्यंत जंतू काय वाट पाहून राह्यले?"

महागावकडची कविता बाळंतपणानंतर तापानं फणफणत आली. जंतू रक्तात उतरल्याची शंका होती. दोन्ही हातांचं रक्त घेताना सासू नर्सवर तडकली, "पोरीच्या अंगात रक्त नाही, अन् तुम्ही काढूनच राह्यले!"

मॅडम स्वतः गेल्या. "मावशी, एकाच हाताचं घेतलं तर जंतू रक्तातला का कातडीवरचा, मले कसं समजन?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही हातांच्या रक्ताच्या बाटल्यांत जंतू वाढलेले. कोणतं औषध चालेल हे जुन्या पद्धतीनं कळायला आणखी दोन दिवस लागले असते. नव्या मशीननं तासाभरात सांगितलं, चालू असलेल्या इंजेक्शनला हा जंतू दाद देणार नाही. मॅडमनी लगेच फोन उचलला.

वॉर्डातला नवा डॉक्टर चाचरला. "साहेब ऑपरेशनमध्ये आहेत. त्यांना न विचारता कसं बदलू?"

"मंग जाऊन विचार. थिएटरच्या दारातून ओरड. मी फोन धरून हाये."

समोरचा डबा गार झाला. त्यांनी फोन या कानाचा त्या कानाला केला, एवढंच. शेवटी पलीकडून आवाज आला, "मॅडम, नवीन चालू केलं."

संध्याकाळी साहेब तणतणत आले. "थिएटरात माणूस घुसवता?"

"रागवा, पण उद्या. आज तिचा ताप पाहा."

ताप उतरला. घरी जायच्या दिवशी कविता बाळाला घेऊन आमच्या खिडकीशी आली. "मले वाचवणाऱ्या मॅडम कोणत्या जी?"

मायक्रोस्कोपवरची मान न उचलता मॅडम म्हणाल्या, "त्या सुट्टीवर हायेत वं माय."

ती गेल्यावर मी चिडलो. "काहून असं केलं? बिचारी पाया पडायले आलती."

"तिले पाया पडू दिलं," मॅडम म्हणाल्या, "तर मागं आपला फोन जायच्या आधी जी पोरगी दगावली, तिच्या मायले कोणतं तोंड दाखवू?"