हजार शब्दांची प्रेमकथा

आता काय सांगू तुम्हाला, चहा आधी खाली ठेवा. मागे हा किस्सा ऐकताना एकाने माझ्याच शर्टावर कप पालथा केला होता.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. माझं शालूवर प्रेम होतं आणि तिच्या बाबांचं काटोलच्या संत्र्याच्या बागेवर. ते शालूला म्हणाले, "पोरगा लेखक हाये म्हंते न? मंग छापून आलेलं काही दाखव म्हना. मंग पाहू."

एका दिवाळी अंकाने हजार शब्दांच्या कथा मागवल्या होत्या. मी आमचीच प्रेमकथा लिहिली. पण मी तोंड उघडलं की फुटका नळ, आणि पेनाचंही तेच. मग शब्द मोजणार कोण?

माझा मित्र दिलीप सीताबर्डीवर कॉम्प्युटरच्या क्लासात शिकवायचा. तिथे एसी होता, आणि देवळात जावं तशा चपला बाहेर काढाव्या लागत. एका बोटाने बडवत बडवत मी अख्खी कथा आत घातली. दिलीपने ती सेव्ह करून दिली. आता ती अमर झाली, म्हणून फुशारकीने मी हाताने लिहिलेले कागद फाडून टाकले.

"हे बटन दाबलं का शब्द मोजते," दिलीप म्हणाला. "मी वर्ग घेऊन येतो."

दाबलं. पंधराशे.

कथा त्याच संध्याकाळी द्यायची होती. मी फुटाळा तलावाचं वर्णन छाटलं आणि मोजलं. पंधराशे. शालूच्या मैत्रिणी काढल्या. पंधराशे. मग तिचे डोळे गेले, केस गेले, आमच्या सगळ्या भेटी गेल्या. जीव तुटत होता हो, पण आकडा ढिम्म हलेना. शेवटी पडद्यावर एवढंच उरलं:

संत्र्याची बाग.
बागेत ती.
कुंपणाबाहेर मी.
मध्ये कुत्रं.

मोजलं. पंधराशे.

तेवढ्यात दिलीप आला. "काहून गा, सेव्ह नाही केलं काय?"

आज्ञाधारक माणूस मी. लगेच सेव्हचं बटन दाबलं.

दिलीपने कपाळावर हात मारला. "अबे, तुही कथा डिस्कवर शाबूत होती. कॉम्प्युटर पडद्यावरचे नाही, तिचेच शब्द मोजून राहिला होता. आता तिच्या जागी ह्या चार ओळी बसवल्या तू."

पुन्हा मोजलं. आठ. कॉम्प्युटरला आता कुठे मोजणी जमली होती.

हात हलवत कसं जायचं? त्याच चार ओळी नेऊन दिल्या आणि शालूला तोंड दाखवायचं टाळलं. दिवाळीत अंक आला. कथांमध्ये मी नव्हतो. कवितांमध्ये होतो.

शालूने अंक काटोलला नेला. बाबांनी दोनदा वाचलं. "कुत्र्याचं बराबर लिहिलं," ते म्हणाले. "आन पोरगा कमी बोलनारा दिसते. आपल्याले असाच जावई पाह्यजे."

लग्न झालं. पहिल्या दिवाळसणाला काटोलला गेलो आणि सासऱ्यांना हाच किस्सा सांगायला बसलो. चहा दोनदा झाला, संत्री सोलून संपली, आणि मी अजून क्लासाबाहेर चपला काढतच होतो. सेव्हच्या बटनापर्यंत पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती.

सासऱ्यांनी संत्र्याची सालं गोळा केली. मग आत स्वयंपाकघराकडे वळून म्हणाले, "शालू, ह्या जावयाले सेव्ह कराच्या आधी मोजून नाही पाह्यलं काय वं?"