जहाजावरचा भोंगा

ही सहल आम्हाला टोमॅटोनं मिळवून दिली. नारायणगावात आमचं बी-बियाणं आणि औषधांचं दुकान. पाटी नवऱ्याच्या नावाची, पण काउंटरवर मी. शेतकरी यायचा, खिशातून रोगट पान काढून पुढ्यात ठेवायचा नि म्हणायचा, "वैनी, बगा जरा ह्याला काय झालंय." मी पान उलटंसुलटं करून बघायची, औषध द्यायची आणि वर फुकटचा सल्लाही द्यायची. एका वर्षी करपा असा पसरला की एका कंपनीनं ठरवून दिलेला माल आम्ही हंगाम सरायच्या आत खपवला. बक्षीस म्हणून कंपनीनं सिंगापूरची सहल दिली, चार माणसांची, आणि तिथून पुढं मोठ्या जहाजातून समुद्राची फेरी. दोन हजार साल उलटून काही वर्षं झाली होती. त्या काळात आमच्याकडचे कितीतरी दुकानदार असे परदेशी जाऊन यायचे आणि मग वर्षभर गिऱ्हाइकांना फोटो दाखवायचे.

चौघं म्हणजे मी, हे, आत्या आणि मामा. आमच्यात सासूला आत्या म्हणतात आणि सासऱ्यांना मामा. दोघं पारगावला शेतावर राहायचे, ऊस सांभाळायचे. मामांना विचारलं तर ते म्हणाले, "फुकाट हाय ना? मंग चला की." कुठं, कशानं, किती लांब, काही विचारलं नाही. आत्या मात्र सरळ नाही म्हणाल्या.

त्यांच्या नाहीला कारण होतं. त्यांचं माहेर डिंभ्याच्या धरणात गेलं. घर, आंब्याची झाडं, विहीर, सगळ्यावर पाणी. त्याचं दुःख त्या कधी बोलून दाखवत नसत. बोलायच्या त्या भावांबद्दल. पाणी आलं तसे तिघं भाऊ तीन दिशांना गेले. एक वरच्या अंगाला डोंगराजवळ राहिला, एकाला खाली शिरूरकडे जमीन मिळाली, धाकटा मुंबईला गेला तो तिकडचाच झाला. आत्यांची भाऊबीज त्यामुळे एका दिवसात उरकत नाही. दिवाळी संपली तरी त्यांची पिशवी भरलेलीच, आज ह्या एसटीत, परवा त्या. त्यांचं एकच म्हणणं असायचं, "पानी आलं की मानसं पांगत्यात."

आणि मी त्यांना पाण्यावर चला म्हणत होते.

मी पारगावला गेले, ओट्यावर त्यांच्याशेजारी बसले आणि सांगितलं, "आत्या, जहाजावर आपण चौघं एका जागी राहू. काय वाट्टेल ते झालं तरी. ही जबाबदारी माझी." त्यांनी मला निरखून पाहिलं. मग म्हणाल्या, "तुझी म्हनतीयास म्हनून येते." मुलावर त्यांचा एवढा विश्वास नव्हता, आणि ते योग्यच होतं. हे स्वभावानं लोण्यासारखे. रांगेत कुणी पुढं घुसलं तर हे त्याला जागा करून देतात.

सिंगापूरच्या बंदरावर जहाज बघून मामा म्हणाले, "ह्यात आख्खं पारगाव बसंल, बैलांसकट." आमच्याबरोबर इकडचे बरेच दुकानदार होते, ओतूरचे, घोडेगावचे. मंचरचे एक शेठ आणि भाभीही होत्या, मूळचे मारवाडचे, पण मराठी आमच्याइतकंच खणखणीत. सगळे जोडीनं. सगळ्यांच्या डोक्यावर कंपनीच्या टोप्या.

खोल्यांची कार्डं हातात आली आणि माझं डोकं फिरलं. आमची खोली जहाजाच्या एका टोकाला, आत्या-मामांची दुसऱ्या टोकाला. तेही चाललं असतं, पण कार्डावर एक ठळक अक्षर होतं. आमच्या कार्डावर ए, त्यांच्या कार्डावर सी. सहलीबरोबर आलेल्या कंपनीच्या साहेबांनी समजावून सांगितलं की जहाजावर संकट आलं तर भोंगा वाजतो, मग प्रत्येकानं लाइफ जॅकेट घालून आपल्या अक्षराच्या जागी जमायचं आणि तिथल्याच होडीत बसायचं. संध्याकाळी त्याचा सराव होता.

"म्हंजी आमची नाव येगळी आन तुमची येगळी?" आत्यांनी विचारलं.

साहेब हसून म्हणाले, "मावशी, नुसता सराव आहे. काही होत नाही."

आत्या हसल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. धरणाच्या वेळीही कुणीतरी साहेब असाच हसला असणार. मी म्हटलं, "आत्या, मी आहे ना." आणि तिथल्या तिथं बेत केला. भोंगा झाला की ह्यांनी थेट आई-वडलांच्या खोलीवर जायचं आणि दोघांना घेऊन आमच्या जागी यायचं. मी आमच्या जागेवर उभी राहून जागा धरायची, एसटीत रुमाल टाकतात तशी. आत्या-मामांनी हे येईपर्यंत खोलीतून हलायचं नाही. अक्षराचं काय करायचं ते नंतर बघू, आधी माणसं एकत्र. मामांना जरा कमी ऐकू येतं, म्हणून त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं. त्यांनी जोरात मान हलवली. कमी ऐकू येणारा माणूस जोरात मान हलवतो तेव्हा त्याला काहीही ऐकू आलेलं नसतं, हे मला कळायला हवं होतं.

भोंगा झाला. आखूड, आखूड, आखूड, आणि शेवटी एक लांबलचक. पायाखालची फरशी थरथरली. हे निघाले. मी जॅकेट अडकवून आमच्या जागी जाऊन उभी राहिले. माणसांचा लोंढा येत होता, पोरं, म्हातारी, चिनी, मलायी, गुजराती, सगळ्यांच्या अंगात तेच नारिंगी जॅकेट. जहाजावरचे कामगार हात पसरून लोकांना पुढं ढकलत होते. हे मात्र त्या लोंढ्याच्या उलट्या दिशेनं गेले होते.

मी वाट बघितली. आमच्या रांगेतले सगळे आले. भाभी आल्या, शेठ आले. हे नाहीत. आत्या नाहीत, मामा नाहीत. हातात पॅड घेतलेली एक पोरगी खोल्यांचे नंबर पुकारत होती. आमचा नंबर आला तेव्हा मी एकटीनं ओ दिली. ती इंग्रजीत बाकीच्यांचं विचारायला लागली. मी मराठीत सांगितलं, "आणते," आणि रांगेतून निघाले.

ती मागून हाका मारत राहिली. मी थांबले नाही.

जिन्याजवळच्या गर्दीत सगळी डोकी सारखी, सगळ्या पाठी नारिंगी. मी नवऱ्याला जन्मात नावानं हाक मारली नव्हती आणि तेव्हाही तोंडाला ते नाव आलं नाही. दुकानात मारते तशी खच्चून हाक मारली, "अहो!" आणि जुन्नर-आंबेगावातले झाडून सगळे दुकानदार मागं वळले. ओतूरचे वळले, घोडेगावचे वळले, एकाच्या बायकोनं त्याला कोपरानं ढोसलं. एरवी मी पोट धरून हसले असते. मी सहसा घाबरत नाही, पण तेव्हा घाबरले. समुद्राला नाही. आत्यांच्या त्या नजरेला. चौघं चार ठिकाणी होतो, आणि जबाबदारी माझी होती.

त्या वळलेल्या तोंडांत शेवटी एक माझ्या नवऱ्याचं निघालं. जॅकेट हातातच, चेहरा पांढराफटक. "खोलीत न्हाईत," ते म्हणाले. "सीच्या जागीबी जाऊन आलो. तिथंबी न्हाईत."

"मग गेले कुठं?"

तेवढ्यात तो लांबलचक भोंगा पुन्हा वाजला आणि ह्यांनी कपाळावर हात मारला. "आगं, भोंगा!"

माझ्याही डोक्यात उजेड पडला. पारगावला साखर कारखाना आला तसं आमच्या शेतावरचं घड्याळ मोडीत निघालं. कारखान्याचा दुपारचा भोंगा झाला की मामा उसाला पाण्याची दारं धरायचं सोडून, कामावरची माणसं कोयते टाकून, थेट बांधावरच्या चिंचेखाली. आत्या भाकऱ्यांची पाटी घेऊन तिथंच येणार. कुणी कुणाला हाक मारत नाही, कुणी कुणाची वाट बघत नाही. मामांना बाकी काही ऐकू येवो न येवो, भोंगा ऐकू येतो. भोंगा झाला म्हणजे जेवण.

आम्ही जेवणाच्या हॉलकडे पळालो. भलामोठा हॉल, पांढऱ्या चादरींची टेबलं, सगळी रिकामी. मधल्या एका टेबलाशी दोघं समोरासमोर बसलेले. मामांनी जॅकेट घातलं होतं, ते उलटं. आत्यांनी लुगड्यावर जॅकेट आणि जॅकेटवरून पदर घेतला होता. शेजारी एक वेटर हात जोडून, अगदी काकुळतीला येऊन त्यांना उठायची विनंती करत होता आणि मामा त्याला सांगत होते, "आमाला घाई न्हाई, भाऊ. सावकाश वाढ."

आम्हाला बघून आत्या म्हणाल्या, "तुमी दोघं कुठं हिंडताय? आमी कवाधरनं बसलोय."

"तुम्हाला खोलीतच थांबायला सांगितलं होतं ना, आत्या?"

"भोंगा झाला, ह्ये उठलं, मी उठले," त्या म्हणाल्या. "ह्यांना एकलं सोडून खोलीत काय करू?"

मला हसू येत होतं. मी खुर्ची ओढून बसले. सगळा बेत माझा, आणि पांगलो होतो आम्ही दोघंच. ती दोघं एक शब्द न बोलता एका जागी पोचली होती. पण तेवढ्यात पांढऱ्या कपड्यातला एक अधिकारी आला. त्यानं हिंदीत, शांतपणे सांगितलं की हा जेवणाचा भोंगा नाही. खरंच कधी वाजला तर इथं यायचं नाही, चाचाजी आणि चाचीजींनी सीला जायचं, तुम्ही एला जायचं.

आत्यांना टीव्हीमुळे हिंदी चांगलं कळतं. त्यांचा चेहरा उतरला. "म्हंजी त्यो पानी आल्याचा भोंगा व्हता," त्या म्हणाल्या. "आन आमी हितं जेवाया बसलोय." मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "मला उद्या कुठं जमीन लागली तर उतरवा. मी बंदरावर बसून ऱ्हाईन. तुमी फिरून या."

मामा म्हणाले, "मी बी हिच्यासंगं."

मी उठले. रडत बसायची माझी रीत नाही. रिसेप्शनवर गेले आणि सांगितलं, आम्हाला चौघांना एकच अक्षर द्या. तिथल्या पोरानं मान हलवली. अक्षर खोलीवर ठरतं, आणि जहाज भरलेलं. मी म्हटलं, मग खोली बदलून द्या. तो म्हणाला, रिकामी नाही. मी म्हटलं, रिकामी मी करते. आमच्या शेजारची खोली मंचरच्या शेठजींची होती.

भाभींनी सामान लावूनही टाकलं होतं. खाकऱ्यांचे डबे, लोणच्याच्या बरण्या, छोटी इस्त्री, खिडकीत देवाचा फोटो. शेठ पलंगावर पाय पसरून समुद्र बघत होते. ती खिडकी सोडून त्यांनी आत्यांच्या बिनखिडकीच्या खोलीत का जावं? मी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं, धरणाचं, तीन भावांचं, मी दिलेल्या शब्दाचं. शेठ खिडकीकडे बघत राहिले. भाभी मात्र डबे परत पिशवीत भरायला लागल्या. "खिडकीत बघायचं काय, वहिनी? पाणीच ना? ते वर डेकवर जाऊन बघू," त्या म्हणाल्या आणि नवऱ्याला ओरडल्या, "अहो, पाय खाली घ्या, गादीवरची चादर काढायचीय." शेठ म्हणाले, "चादर जहाजाची आहे." भाभी म्हणाल्या, "मग देव उतरवा." भाभी आजही दुकानात आल्या की मी खुर्ची देते, आणि हे चहा सांगतात.

रिसेप्शनच्या पोरानं दोन्ही घरच्या सह्या घेतल्या, साहेबाला फोन केला आणि नवी कार्डं दिली. चारही कार्डांवर ए. आत्यांना इंग्रजी अक्षरं येत नाहीत. त्यांनी चार कार्डं मांडीवर एकाखाली एक ठेवली, प्रत्येकावरून बोट फिरवलं आणि आकार सारखा आहे ना ते बघितलं.

मग म्हणाल्या, "चला. आता खरी जागा दावा."

भोंगा नाही, सराव नाही, लोक नटूनथटून नाचगाणी बघायला निघालेले, आणि आम्ही चौघं जॅकेटं चढवून एच्या जागी जाऊन उभे राहिलो. मामांचं जॅकेट या वेळी सुलट होतं. येणारे-जाणारे बघून हसत होते. ह्यांना लाज वाटत होती, मला वाटली नाही. आत्यांनी आम्हाला नीट उभं केलं, मामांना कठड्याच्या आतल्या बाजूला, मग मला, मग ह्यांना. वर टांगलेली होडी बघून घेतली. खाली पाणी काळं पडत चाललं होतं. त्याकडे त्यांनी पहिल्यांदाच रोखून बघितलं.

"आमच्या गावात पानी येनार, हे समद्यांना ठावं व्हतं," त्या म्हणाल्या. "लई वरसं ठावं व्हतं. मापं घिऊन गेलं, कागुद घिऊन गेलं. पन कुनी एकदाबी भावांना आसं उभं करून न्हाई दावलं, की बाबांनो, तुमी तिघं हितं. एकाच जागी."

मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही. आत्यांनी माझ्या जॅकेटची सैल पट्टी ओढून घट्ट केली, एका हातानं मामांचा दंड धरला आणि म्हणाल्या, "आता कुठं न्यायचं तिकडं न्या."