बागेतला खड्डा आणि गणपतीची माती

विसर्जन झाल्यावर मूर्तीच्या मातीचं पुढे काय होतं, हे तुम्ही कधी वाकून पाहिलं आहे का?

आमच्या घरी लोकजागृतीसाठी वाटायच्या पत्रकांचे गठ्ठे यायचे आणि जेवणं उरकली की सगळे मिळून घड्या घालायचे. मी वाचायला शिकलो ते त्यांच्यावरच. ‘मूर्ती मातीचीच आणा’ हे पत्रकही आमच्याच घरातून रायपूरच्या आमच्या कॉलनीत गेलं. लोकांनी ते मनावर घेतलं.

माझी मोठी बहीण लँडस्केप आर्किटेक्ट. शेजारी म्हणायचे, ‘एवढं शिकून माळीणच झाली.’ उन्हाळ्यात कॉलनीची बोअर आटायची, म्हणून तिने बागेतलं लॉन काढून तिथे उथळ खड्डा केला. तळाला वाळू आणि गिट्टी, कडेने वाळ्याचं गवत. गच्च्यांवरचं पावसाचं पाणी तिथे येई आणि रात्रीतून मुरे. पुढच्या उन्हाळ्यात बोअर टिकली. शेजारी तिला माळीणच म्हणत राहिले.

गेल्या गणपतीत ती कामासाठी बाहेरगावी होती. विसर्जनाच्या दिवशी खड्डा पावसाने भरलेला होता. मूर्ती घेऊन खारुन नदीपर्यंत कशाला जायचं, असं कॉलनीच्या समितीने ठरवलं. घरोघरच्या मूर्ती खड्ड्यात गेल्या. सगळ्यांनाच ते शहाणपणाचं वाटलं.

त्यानंतर पाणी मुरेना. त्यावर हिरवा तवंग आला. ताई परतली तेव्हा बागेत बैठक भरली होती.

“काहून वो बाई,” समितीचे काका म्हणाले, “तुह्या खड्ड्यात मच्छर पाळून राहिली का?”

“भर डालो अंकल, पार्किंग बन जाएगी,” शेजारचा तरुण म्हणाला. त्याची नवी गाडी रस्त्यावर उभी असायची.

“काका, तळाशी मूर्तींची माती बसली,” ताई म्हणाली. “पाणी खाली जाईल कुठून?”

“म्हणजे आता चूक बाप्पाची?”

“बाप्पाची नाही, आपली. चिकण मातीचं मडकं होतं ना? आपण अख्ख्या खड्ड्याचं मडकं केलं.”

काका हसले, पण मुरूम टाकून खड्डा बुजवायचं ठरलंच. तिने रविवारपर्यंत थांबायची विनंती केली.

दुसऱ्याच दिवशी पंपाने पाणी झाडांना देऊन झाल्यावर तळ दिसला. राखाडी, गुळगुळीत, सारवल्यासारखा. ती फावड्याने थर खरवडू लागली, मी घमेली उचलू लागलो. लोक गॅलरीतून बघत होते. थोड्या वेळाने काका स्वतःचं घमेलं घेऊन आले. “पाहून राहिलो, खरंच माती हाय का,” एवढंच म्हणाले आणि दुपारपर्यंत थांबले.

शनिवारी रात्री पाऊस झाला. सकाळी काकांनी खड्ड्यात काठी टोचली. “गेलं वो,” ते म्हणाले. पाणी मुरलं होतं.

मुरूम टळला, पण येत्या गणपतीपर्यंतच. पुन्हा पाणी साचलं तर पार्किंग होणार.

म्हणून मागणं एवढंच: यंदा मूर्ती घरच्या बादलीत विसर्जित करा. माती खाली बसू द्या, वाळवा, कुंड्यांत घाला किंवा मूर्तिकाराला परत द्या. पाणी मुरायच्या जागी ती टाकू नका.