प्रमिलाला काही नको होतं

"तुमची मैत्रीण गेली, वैजूताई," एवढंच भाऊसाहेब फोनवर म्हणाले आणि थांबले. मग पलीकडून पुन्हा आवाज आला, "सकाळी गेली, झोपेतच. काही मागितलं नाय." फोन ठेवून मी पुन्हा मेथी निवडायला बसले. काड्या पातेल्यात आणि पानं केरात टाकते आहे, हे बऱ्याच वेळाने लक्षात आलं. माणूस गेल्यावर घरचे लोक सांगतात, शेवटी पाणी मागितलं, मुलाचं नाव घेतलं, देवाचं नाव घेतलं. बायकोचा उल्लेख आयुष्यभर 'तुमची मैत्रीण' असाच करणाऱ्या भाऊसाहेबांकडे सांगायला एवढंच होतं. ते ऐकून मला आश्चर्य वाटलं नाही, याचंच मला जास्त वाईट वाटलं.

प्रमिला देवरे आणि मी एकाच कॉलेजात मानसशास्त्र शिकवत होतो, एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून. 'प्रेरणा आणि भावना' हा पेपर तिचा. तो दुसऱ्या कुणाला देण्याची हिंमत कुठल्याच विभागप्रमुखाला झाली नाही. माणूस एखादी गोष्ट का करतो, कशासाठी उठतो, कशावाचून तडफडतो, हे ती शिकवायची आणि शिकवताना स्वतःच पेटलेली असायची. बाराच्या तासाला, पोरांच्या पोटात कावळे ओरडत असताना, ती टेबलावर चिवड्याची भरलेली ताटली ठेवायची आणि पाऊण तास तिच्याकडे ढुंकूनही न बघता बोलायची. पोरांचे डोळे ताटलीवर. शेवटी म्हणायची, "भूक पोटात असते. ती सगळ्यांची सारखीच. पण आत्ता तुमचं जे चाललंय ना, ती इच्छा. ती पुढे धावते आणि तुम्हाला मागून ओढत नेते. ती गेली की माणूस संपला, मग पोट कितीही भरलेलं असो." मग पोरं ताटलीवर तुटून पडायची, आणि सगळ्यांत मोठी मूठ हिचीच असायची.

कारण हवंपण तिच्यात ठासून भरलेलं होतं. तिला सगळं हवं असायचं, तेही आत्ता आणि मोठ्या आवाजात. रस्त्यात पेरू दिसला की चालती रिक्षा थांबवणारी बाई ती. रविवारी सकाळी मखमलाबाद रोडला मिसळ खायला जायचं म्हणजे जायचंच, मग घरी माझे पाहुणे असोत की मला ताप असो. तिथे वेटरशी तिचं तर्रीवरून भांडण ठरलेलं. "ही तर्री आहे? ही तर आजारी माणसाची पेज." तो बिचारा वाटी घेऊन परत आत जायचा. मी लाजून रस्त्याकडे बघत बसायचे. भाऊसाहेब ओझरला विमानाच्या कारखान्यात तपासणी विभागात होते. मोजून मापून बोलणारे. ते म्हणायचे, "हिचं इंजिन गरमच असतं, वैजूताई. आपण फक्त लांब उभं राहायचं." तिचं माहेर सटाण्याकडचं. चिडली की अहिराणीत शिरायची, आणि मग तिच्यापुढे कुणाचं काही चालायचं नाही.

हे इंजिन थंड कधी पडलं, ते मला सांगता येत नाही. घरात कुणी गेलं नव्हतं. मुलगा अमेय बंगळुरूला, नोकरी चांगली, सून चांगली. निवृत्तीला वर्ष-दीड वर्ष झालं असेल. मला कळलं ते मिसळीच्या दुकानात. त्या रविवारी मीच तिला फोन केला होता, आणि तसं पूर्वी कधी झालं नव्हतं. ती आली, बसली. वेटरने ओळखीचं हसत विचारलं, "मॅडम, तर्री वाढवू?" ती म्हणाली, "तुम्ही ठरवा." तो माझ्याकडे बघायला लागला. मी हसून वेळ मारून नेली. तिने मिसळ खाल्ली, सगळी खाल्ली, पाव पुसून खाल्ला. कुणी परीक्षेचा पेपर सोडवावा तशी खाल्ली... घरी येईपर्यंत मी तिला विचारत होते, काय झालंय, कुणी काही बोललं का. ती शांतपणे सांगत होती की काही नाही, खरंच काही नाही. आणि ते खरंच होतं.

पुढे भाऊसाहेबांनी सांगितलं ते असं, की उठवलं तर उठते, आंघोळीला पाणी काढलं तर आंघोळ करते, समोर ताट आलं तर जेवते. ताट नाही आलं तर बसून राहते. टीव्ही लावला तर बघते, बंद केला तर बंद टीव्हीकडेही बघते. आम्ही तिला कॉलेज रोडच्या एका डॉक्टरांकडे नेलं. मेंदूचे फोटो निघाले. डॉक्टर चांगले होते, वेळ देऊन बोलले. आतल्या बारीक रक्तवाहिन्या ठिकठिकाणी बंद पडत चालल्यात, म्हणाले. बुद्धी शाबूत आहे, स्मरण शाबूत आहे, पण एखादी गोष्ट हवीशी वाटणं, त्यासाठी पाऊल उचललं जाणं, ती वाट झिजली आहे. हे उदासपण नाही, त्यामुळे उदासपणाच्या गोळ्यांचा फार उपयोग होईल असं नाही. प्रमिलाने त्यांना दोन-तीन नेमके प्रश्न विचारले, पहिल्या बाकावरच्या विद्यार्थिनीने विचारावेत तसे. रिक्षात मी रडत होते. तिने मलाच समजावून सांगितलं, "रडू नकोस, मला दुःख होत नाहीये. दुःख असतं तर बरं होतं, वैजू. दुःखी माणसाला निदान काहीतरी हवं असतं, जे मिळत नाही." एवढी स्वच्छ व्याख्या तिने वर्गातही कधी केली नव्हती.

आणि हेच मला सहन होत नाही, अजूनही. तिला सगळं कळत होतं. आपण शिकवलेल्या पेपरातला कुठला भाग आपल्यातून गेला आहे, ते तिला नावानिशी ठाऊक होतं. ज्ञानाने माणूस तरतो, असं आपण पोरांना सांगत आलो. काही तरत नाही. ज्ञान काठावर उभं राहून बुडणाऱ्याकडे बघतं, एवढंच मी पाहिलं.

मग सुरू झालं लोकांचं समजूत घालणं. जो येतो तो म्हणतो, मनावर घ्या. कुणी फिरायला जा म्हटलं, कुणी नातवंडं बघा म्हटलं, कुणी एखादा छंद लावून घ्या म्हटलं. तिचा एक जुना विद्यार्थी सातपूरच्या कारखान्यांत कामगारांना उत्साहाची व्याख्यानं देतो. गळ्यात माइक अडकवून मशीनच्या बाजूला उभा राहतो आणि शे-दीडशे माणसांकडून 'आपण करू शकतो' म्हणवून घेतो. तो मोठा पुष्पगुच्छ घेऊन आला. "मॅडम, हे सगळं मी तुमच्याकडून शिकलो. तुम्ही फक्त मनात आणा." ती त्याच्याकडे बघत म्हणाली, "मनात आणायचं ठीक आहे. पण आणणारा कोण असतो, ते सांग." तो खळखळून हसला. त्याला वाटलं, मॅडम पूर्वीसारख्याच, कोडी घालतात. बाहेर येऊन मला म्हणाला, "एकदम फिट आहेत की." मी त्याला चहा दिला. दुसरं काय देणार होते?

भाऊसाहेबांनी मात्र हार मानली नाही. आयुष्यभर बंद पडलेल्या वस्तूत काय कमी आहे ते शोधणारा माणूस तो. रोज सकाळी तिच्यासमोर खुर्ची घेऊन बसायचे. "काय करू आज? काय खावंसं वाटतं?" प्रश्न विचारून चांगला वेळ थांबायचे. ती म्हणायची, "काहीही." मी गेले की मीही तेच विचारायचे. आमचं दोघांचं सगळं त्या एका उत्तरावर टांगलेलं होतं. तिने एकदा आपण होऊन काहीतरी मागावं, मग ते काहीही असो, साधा ग्लासभर ताक असो. ते एकदा झालं तर ती वाट पूर्ण मिटलेली नाही, असं आम्ही धरून चाललो होतो.

आणि एका दुपारी ती म्हणाली, "मांडे खावेसे वाटतात."

मी समोरच होते. भाऊसाहेब उठून उभे राहिले. मग पुन्हा बसले, पुन्हा उठले. लोक मनातल्या मनात मांडे खातात, या माणसाने खरे मांडायला घेतले. चार दिवसांत सटाण्याहून त्यांची बहीण मांडे भाजायचं मातीचं खापर घेऊन जीपने आली, सोबत दोन बायका. शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर चूल मांडली, खापर पालथं घातलं. हातावर, कोपरापर्यंत मांडा फिरवत त्या बायका रुमालासारखा पातळ करून खापरावर टाकत होत्या. कॉलनीतली माणसं जमली. अमेय बंगळुरूहून आला. लग्नघरासारखा गलका. प्रमिलाला नवी साडी नेसवून मधोमध बसवली. पहिला मांडा तिच्या ताटात. नणंद तिच्याजवळ उकिडवी बसली, "वहिनी, गोड शे ना?" प्रमिलाने घास घेतला. "छान आहे," म्हणाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भाऊसाहेब चुलीच्या धुराचं निमित्त करून डोळे पुसत होते. मीही त्या दिवशी पोटभर जेवले, कितीतरी महिन्यांनी.

संध्याकाळी सगळे पांगल्यावर आम्ही दोघी पायरीवर बसलो होतो. ती म्हणाली, "मला मांडे नको होते, वैजू."

"मग म्हणालीस कशाला?"

"तुम्ही दोघं रोज विचारता. काहीतरी उत्तर द्यायला हवं ना."

माझ्यातली मास्तरीण तरीही जागी झाली. मी म्हटलं, "म्हणजे आम्हाला बरं वाटावं, असं तुला वाटलं. तीही इच्छाच झाली की, प्रमिला." मी जवळजवळ जिंकल्यासारखं बोलले. तिने थोडा विचार केला, मला दुखवू नये म्हणून नव्हे, उत्तर बरोबर यावं म्हणून. "नाही गं. दारात कुणी आलं की आपण चहा घेणार का विचारतो, तसं होतं ते. जिभेला वळण असतं. त्यात मी नव्हते..." मग खूप वेळाने, कधी नव्हे ते माझ्याशी अहिराणीत म्हणाली, "मना जीव नही लागत." भाऊसाहेबांना हे सांगू नकोस, असं ती म्हणाली नाही. तेवढंही तिला वाटलं नाही. मीच सांगितलं नाही.

त्यानंतर ती आणखी सव्वा वर्ष होती. होती, एवढंच.

दहाव्याला आम्ही रामकुंडावर गेलो. अमेयने पिंड मांडले. शेजारी पानावर भाऊसाहेबांनी मांडा ठेवला होता, बहिणीकडून मुद्दाम करून आणलेला. सगळ्या आयुष्याच्या शेवटी तिने मागितलेली ती एकच गोष्ट, असं ते समजत होते, किंवा मला तसं वाटत होतं. आपल्याकडची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. कावळा शिवेना झाला की घरचे एकेक करून पुढे होतात, हात जोडून शब्द देतात, नातवाचं नीट करू, धाकट्याला सांभाळू, आणि गेलेल्याचं काय अडलं असेल ते चाचपत राहतात. भाऊसाहेब सकाळपासून ओठातल्या ओठात काहीतरी जुळवत होते. पिंड ठेवून आम्ही मागे सरलो. ते पुढे झाले, हात जोडले, आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत कावळा उतरला. एक नाही, दोन-तीन उतरले. मागून कुणीतरी म्हणालं, "पुण्यवान बाई. एकही इच्छा मागे राहिली नाही." लोक समाधानाने निघायला लागले, चपला शोधायला लागले. भाऊसाहेबांचे हात जोडलेलेच होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "थोडं तरी थांबायचं होतं." मला त्या पुण्यवान म्हणणाऱ्या माणसाचा इतका राग आला, की मी नदीकडे तोंड फिरवलं. इच्छा न उरल्यानेच ती गेली, आणि त्याचंच लोक कौतुक करत होते.

परवा त्यांच्याकडे गेले होते. मांड्यांचा विषय त्यांनीच काढला. "तिला नको होते ते, माहीत होतं मला," म्हणाले. "घास घेताना तोंड दिसत होतं ना तिचं. पण तुम्ही त्या दिवशी लय दिवसांनी जेवलात, वैजूताई. म्हटलं, राहू द्या." मग ते उठून तिच्या खोलीत गेले, म्हणून मीही गेले. पलंगाच्या कडेला, हात पोचेल अशा उंचीवर, भिंतीला बिनवायरच्या बेलचं बटण चिकटवलेलं आहे. तिला रात्री-अपरात्री काही लागलं तर दाबता यावं म्हणून त्यांनी ते आजारपणात बसवलं होतं, आणि घंटीचा डबा स्वयंपाकघरात. भाऊसाहेब स्क्रू काढून त्यातला सेल बदलत होते. मी विचारलं, आता कशाला? "खराब झाला होता," म्हणाले. झाकण बसवलं, स्क्रू आवळले, रुमालाने बटण पुसलं. सेल बदलला की एकदा दाबून बघावं लागतं. त्यांनी दाबलं. स्वयंपाकघरात बेल वाजली. आवाज चांगला होता. तेव्हापासून इतक्या वेळा त्या घरात जाऊन-येऊन, मी तो पहिल्यांदाच ऐकत होते.