गोरक्षचा धप्पा

बाहेरगावच्यांसाठी आधी रहाड म्हणजे काय ते सांगतो. जुन्या नाशकात चौकाच्या पोटात रंगाचा खोल हौद असतो. वर्षभर फळ्या अन् माती टाकून बंद, रंगपंचमीला उघडायचा आणि काठावरून धाडकन उडी घ्यायची. या उडीला धप्पा म्हणतात. आमच्या गल्लीतल्या गोरक्ष गिरणीवाल्याचा धप्पा असा, की समोरच्या माडीवरच्या बायकासुद्धा भिजायच्या! देहच तसा, ज्वारीच्या भरल्या पोत्यासारखा.

पण सत्त्याहत्तर साली त्याला वर ओढायला चार गडी लागले. त्यातला एक मी, आठवडाभर माझा खांदा धरला होता. त्याचा गुडघा तर टम्म सुजला. डॉक्टर म्हणाले, "वजन उतरवा, नाहीतर पुढच्या वर्षी काठावर बसून बघा."

काठावर बसायचं? गोरक्षने? झालं, गडी पेटला. जेवण बंद, नुसतं लिंबूपाणी. आणि येता-जाता गिरणीच्या काट्यावर चढायचा. पावशेर कमी दिसलं की शीळ, जास्त दिसलं की गिऱ्हाइकांवर डाफरायचा. उपाशी डोक्याने एके दिवशी लताबाईंचे गहू मिरचीच्या जात्यात ओतले!

लताबाई डबा आपटत आल्या. "गोरक्षदादा, पोळी खाऊन आमचे मामंजी नळाला तोंड लावून बसलेत!"

तेव्हा त्याची बायको यशोदाबाई पुढे झाली. "अहो, उतरा खाली. हा काटा धान्याचा. ज्या अंगाने इतकी वर्षं पोती उचलली त्याच्याशी वैर कसलं धरता? भाजी-भाकरी पोटभर खा. रोजची भजी सोडा, रविवारी मी स्वतः तळीन. आणि पहाटे माझ्याबरोबर गोदाघाटावर चला."

त्या दिवसापासून काट्याशी ती स्वतः बसू लागली. दोघं रोज घाटावर. आधी पायऱ्या चढताना तो तिचा खांदा धरायचा, दिवाळीनंतर ती त्याचा धरू लागली. पुंजाराम न्हावी चिडवायचा, "गोरक्षा, तू वाळलास तर माडीवरच्या बायका कोरड्या राहतील रे!"

"राहू देत! मला वर तर येऊ दे!"

रंगपंचमी आली. गोरक्षने धप्पा मारला आणि माडी चिंब! आम्ही चौघं बाह्या सरसावून काठाशी.

"हात मागे घ्या रे," खालून आवाज आला.

काठ धरून, दम खात, एक गुडघा टेकवत तो आपला आपण वर आला. सगळा केशरी.

पुंजारामने विचारलं, "किलो किती उतरवलेस?"

"काय माहीत! काटा हिच्या ताब्यात, मला चढूच देत नाही," म्हणाला आणि पुन्हा रांगेच्या शेपटाला जाऊन उभा राहिला.

माडीवरून निथळत यशोदाबाई ओरडली, "अहो, आधी भाकरी खाऊन जा!"